आई-वडिलांचा अंत्यविधी आणि तुरुंगातली मुलं: शेवटचं दर्शन का हुकतं?

९ मे २०२१. रविवार. हरियाणातल्या रोहतकमध्ये कोरोनावर उपचार घेत असलेले शास्त्रज्ञ महावीर नरवाल यांचं निधन झालं. त्यांची मुलगी नताशा नरवाल तेव्हा तिहार तुरुंगात होती. दिल्ली दंगलीच्या कटाच्या आरोपाखाली तिच्यावर यूएपीएचा गुन्हा दाखल होता. वडील गंभीर आजारी आहेत, त्यांना भेटायला सोडा, असा अर्ज तिने उच्च न्यायालयात केला होता.

त्या अर्जाची सुनावणी सोमवारी होती.

सोमवारी सुनावणी झाली, पण तोवर अर्जाचं कारण बदललं होतं. वडिलांना भेटायला नाही, तर त्यांना अग्नी द्यायला सोडा, अशी मागणी आता करावी लागली. भाऊसुद्धा कोरोनाबाधित होता, आई नताशाच्या लहानपणीच गेली होती. दिल्ली पोलिसांनी विरोध केला नाही. न्यायालयाने तीन आठवड्यांचा अंतरिम जामीन दिला आणि मुलीला वडिलांचे अंत्यसंस्कार करता आले.

आता धक्का देणारी गोष्ट अशी, की अशा प्रकरणांमध्ये हे उदाहरण 'चांगलं' म्हणून सांगावं लागतं. तुरुंगातल्या बहुतेकांच्या वाट्याला एवढंही येत नाही.

दर काही महिन्यांनी एखादी बातमी येते. अमुक आरोपीला वडिलांच्या अंत्यविधीसाठी जामीन, तमुक कैद्याचा पॅरोल फेटाळला. सोशल मीडियावर लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, "गुन्हेगाराला कसली आलीय माणुसकी?" दुसरा म्हणतो, "आई-बाप तर एकदाच मरतात." या भांडणात एक साधा प्रश्न बाजूलाच राहतो. तुरुंगात असलेल्या माणसाची आई गेली, तर नेमकं काय होतं? कायदा काय सांगतो, आणि प्रत्यक्षात घड्याळ काय सांगतं?

शिक्षा झालेल्याकडे नियम आहे, आरोपीकडे नाही

तुरुंगातले लोक ढोबळमानाने दोन प्रकारचे. ज्यांचा गुन्हा कोर्टात सिद्ध झालाय आणि शिक्षा सुरू आहे, ते शिक्षाधीन बंदी. बोलीभाषेत पक्के कैदी. आणि ज्यांचा खटला अजून चालू आहे किंवा सुरूही झालेला नाही, ते न्यायाधीन बंदी, म्हणजे कच्चे कैदी.

महाराष्ट्रात पक्क्या कैद्यांच्या रजांसाठी १९५९ चे नियम आहेत, त्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत. रजांचे मुख्य प्रकार दोन. फर्लो म्हणजे संचित रजा. तुरुंगात ठरावीक काळ नीट वागून काढला की ती मिळू शकते, त्यासाठी वेगळं कारण द्यावं लागत नाही. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. ती कारणासाठी मिळते. पॅरोलमध्येच एक 'आकस्मिक' प्रकार आहे, ज्याला इमर्जन्सी पॅरोल म्हणतात. आई, वडील, पती किंवा पत्नी, मुलं, भावंडं अशा जवळच्या नात्यातला मृत्यू हे त्यासाठी मान्य कारण आहे. मुला-मुलीचं किंवा भावंडाचं लग्न हेही आहे.

महत्त्वाचं म्हणजे, मृत्यूच्या कारणासाठी हा पॅरोल मंजूर करण्याचा अधिकार तुरुंगाच्या अधीक्षकांकडे आहे. म्हणजे फाईल मंत्रालयात जायची गरज नाही, कोर्टाची तारीख घ्यायची गरज नाही. ज्याने कुणी ही तरतूद लिहिली, त्याला मयताची घाई कळत होती, असं म्हणायला हरकत नाही. परदेशी नागरिक आणि फाशीची शिक्षा झालेले कैदी यातून वगळलेले आहेत.

पण हा नियम पक्क्या कैद्यांपुरता आहे. आणि भारतातल्या तुरुंगांत पक्के कैदी अल्पसंख्य आहेत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशभरातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० लोक होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२ न्यायाधीन होते. टक्केवारीत सांगायचं तर ७५.८ टक्के. दर चार जणांमागे तिघांवरचा आरोप अजून सिद्ध व्हायचाय.

या तिघांची आई गेली तर? त्यांना अधीक्षक सोडू शकत नाहीत, कारण ते कोर्टाच्या ताब्यातले आहेत. त्यांना कोर्टातच जावं लागतं. एकतर काही दिवसांचा तात्पुरता जामीन मागायचा, किंवा पोलीस बंदोबस्तात काही तासांसाठी नेण्याची परवानगी मागायची. दिल्लीच्या तुरुंग नियमांत या दुसऱ्या प्रकाराला 'कस्टडी पॅरोल' असं नावच आहे. प्रवासाचा वेळ सोडून जास्तीत जास्त सहा तास. तिथेही कच्च्या कैद्याला परवानगी कोर्टाकडूनच घ्यावी लागते.

थोडक्यात, ज्याचा गुन्हा सिद्ध झालाय त्याच्या हातात एक नियम आहे. ज्याचा सिद्ध झालेला नाही, त्याने अर्ज करून वाट बघायची. हे उलटं वाटत असेल, तर ते उलटंच आहे.

मयत थांबत नाही, अर्ज थांबतो

आपल्याकडे मृत्यू झाला की अंत्यसंस्कार बहुतेक वेळा त्याच दिवशी होतात, फार तर दुसऱ्या दिवशी. मुंबई-पुण्याकडे लांबचा मुलगा येईपर्यंत शीतपेटी आणून थांबतात. गावाकडे तेही अवघड असतं. मुस्लीम कुटुंबांत दफनाला उशीर करू नये असा दंडक आहे. म्हणजे हाताशी असतात साधारण बारा ते चोवीस तास.

या तासांत काय काय व्हावं लागतं ते बघा. आधी बातमी तुरुंगात पोहोचायला हवी. रात्री अकरा वाजता वडील गेले, तर बराक बंद झालेली असते. सकाळी नातेवाईक वकिलाला गाठतात. वकील अर्ज तयार करतो, त्याला मृत्यूचा काहीतरी पुरावा जोडावा लागतो. डॉक्टरचा दाखला मिळायला दुपार होते. सरकारी वकील म्हणतात, पोलिसांकडून खात्री करून घेऊ. गावातल्या पोलीस ठाण्याला कळवलं जातं. ते घरी जातात. ज्या घरात मयत आहे त्या घरात पोलीस विचारायला जातात की मयत खरंच झालंय का.

मग कोर्टाचा आदेश होतो. आदेशाची प्रत तुरुंगात पोहोचायला हवी. बंदोबस्ताला पोलीस मिळायला हवेत. गाडी हवी. बंदोबस्ताचा खर्च अनेकदा कैद्याच्या कुटुंबाने भरायचा असतो, म्हणजे तीही व्यवस्था त्याच दिवशी करायची. आणि तुरुंग जर घरापासून चारशे किलोमीटरवर असेल, तर एवढं सगळं होऊनही प्रवासाची रात्र बाकी असते.

यात कुणी खलनायक असायची गरजच नाही. प्रत्येकाने आपापलं काम नियमानुसार केलं, तरी सरणाला अग्नी देऊन झालेला असतो. मध्ये शनिवार-रविवार आला, किंवा कोर्टाची सुट्टी आली, तर विषयच संपला.

मग कोर्ट देतं काय?

गेल्या काही वर्षांतल्या गाजलेल्या प्रकरणांचे आदेश एकापुढे एक ठेवले, की एक गोष्ट ठळक दिसते. परवानगी मिळते, पण अंत्ययात्रेची नाही. त्यानंतरच्या विधीची.

नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांना २०१८ मध्ये भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. १५ ऑगस्ट २०२० ला त्यांच्या आई कोरोनाने गेल्या. विशेष न्यायालयाने तात्पुरता जामीन नाकारला. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. जुलै २०२१ च्या अखेरीस उच्च न्यायालयाने १३ ते २१ ऑगस्ट असा तात्पुरता जामीन दिला. कशासाठी? आईच्या वर्षश्राद्धासाठी. निरोपाला पोहोचायला मुलाला एक वर्ष लागलं.

याच प्रकरणातले रोना विल्सन. त्यांचे वडील ऑगस्ट २०२१ मध्ये केरळमध्ये गेले. विशेष न्यायालयाने त्यांना सप्टेंबरमध्ये दोन आठवडे सोडलं, महिन्याच्या प्रार्थनेला हजर राहता यावं म्हणून. महेश राऊत यांना जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन आठवडे दिले, ते आजीच्या निधनानंतरच्या विधींसाठी. झारखंडचे हेमंत सोरेन यांचे काका एप्रिल २०२४ मध्ये वारले, तेव्हा ते ईडीच्या प्रकरणात तुरुंगात होते. अंतरिम जामीन मिळाला नाही. उच्च न्यायालयाने ६ मे रोजीच्या श्राद्धाला पोलिसांच्या ताब्यातच हजर राहायची मुभा दिली. माजी मुख्यमंत्र्याची ही गत असेल, तर ज्याच्याकडे वकील म्हणजे तारखेपुरता दिसणारा माणूस आहे, त्याचं काय होत असेल याचा अंदाज करता येतो.

सगळ्यात बोलकं प्रकरण उत्तर प्रदेशातलं आहे. गुंड ते आमदार असा प्रवास केलेला मुख्तार अन्सारी २८ मार्च २०२४ ला बांदा इथे मरण पावला. तो स्वतः तुरुंगवास भोगत होता. त्याचा मुलगा अब्बास अन्सारी, तोही आमदार, तेव्हा राज्याच्या पश्चिम टोकाला कासगंजच्या तुरुंगात होता. दफनविधी पूर्वेकडच्या गाझीपूर जिल्ह्यात ३० मार्चला झाला. अब्बास तिथे नव्हता. त्याची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे सुनावणीला आली, तेव्हा अंत्यविधीची मागणी आपोआप निकामी झाली होती. ९ एप्रिलला न्यायालयाने दुसऱ्या दिवशीच्या फातिहाला जायची परवानगी दिली आणि त्यानंतर कुटुंबाला भेटता यावं अशी व्यवस्था केली.

यातल्या प्रत्येक आदेशात न्यायालयाने माणुसकी दाखवली, हे मान्य करायला हवं. यूएपीए किंवा पीएमएलएसारख्या कायद्यांत नियमित जामीन मिळणं महाकठीण असतं. तरीही अशा प्रसंगी न्यायालयं वाट काढतात, कारण सन्मानाने जगण्याच्या अधिकारात हेही येतं असा त्यांचा दृष्टिकोन असतो.

पण या आदेशांमध्ये एक गृहीतक लपलेलं आहे: एक विधी हुकला तर दुसरा चालेल. धर्माच्या हिशेबाने कदाचित चालतही असेल. दहावा आहे, तेरावा आहे, वर्षश्राद्ध आहे, चाळिसावा आहे. माणसाच्या हिशेबाने ते चालत नाही. तेराव्याला घरी गेलेल्या मुलासमोर फोटो असतो, हार घातलेला. आई नसते. तोंड बघणं, पायाला हात लावणं, पाणी पाजणं, खांदा देणं, मूठभर माती टाकणं, या गोष्टींना पुढची तारीख नसते. आपल्याकडे शेजाऱ्याच्याही मातीला धावत जातात ते याचसाठी. सांत्वनाला आठवड्याने गेलं तरी चालतं, मातीला नाही. कायद्याच्या भाषेत मात्र दोन्ही 'अंत्यविधी व त्यानंतरचे धार्मिक विधी' अशा एकाच ओळीत बसतात.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं आहे का?

सरसकट नाही. अंत्ययात्रा म्हणजे गर्दी. गर्दीत आरोपी पळू शकतो, साक्षीदाराला गाठू शकतो, टोळीचं शक्तिप्रदर्शन होऊ शकतं. मुख्तार अन्सारीच्या दफनाला मोठा जमाव लोटला होता. पोलिसांची धास्ती उगाच नसते. शिवाय रजा हा निरपेक्ष हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये नारायण साईच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तो आसारामचा मुलगा, बलात्काराच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगणारा. गुजरात उच्च न्यायालयाने त्याला दिलेला फर्लो सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. पॅरोलवर सुटून फरार झालेल्या कैद्यांच्या बातम्याही आपण वाचतोच.

लोकांचा राग आणखी एका कारणाने येतो. काही वजनदार कैद्यांना वारंवार सुट्टी मिळताना दिसते. गुरमीत राम रहीमच्या पॅरोल आणि फर्लोंची यादी आता बातमीऐवजी विनोदाचा विषय झाली आहे. बिल्कीस बानो प्रकरणातले दोषी २१ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पुन्हा गोध्राच्या तुरुंगात गेले. फेब्रुवारीच्या पहिल्याच पंधरवड्यात त्यांच्यातला एक जण पाच दिवसांसाठी बाहेर होता, सासऱ्याच्या निधनासाठी. मार्चमध्ये दुसऱ्याला भाच्याच्या लग्नासाठी दहा दिवस मिळाले. दोन्ही पॅरोल गुजरात उच्च न्यायालयाने रीतसर दिले होते. पण सामूहिक बलात्कार आणि हत्याकांडातल्या दोषीला सासऱ्यासाठी मिळणारे दिवस आणि खटला सुरूही न झालेल्या आरोपीला आईसाठी न मिळणारा एक दिवस, हे शेजारी ठेवले की 'कायदा सर्वांना समान' हे वाक्य घशात अडकतं.

म्हणून उत्तर 'कुणालाच सोडू नका' असं होत नाही. पळून जाण्याचा धोका असेल, तर जामिनाऐवजी बंदोबस्त आहे. आरोपीला तारखेला कोर्टात नेणारी पोलिसांची गाडी रोज निघतेच. तीच गाडी चार तासांसाठी स्मशानापर्यंत नेणं कठीण असेल, अशक्य नाही. गर्दीचा धोका असेल, तर गर्दीआधी किंवा नंतर, फक्त घरच्यांसमोर अंत्यदर्शन घडवता येतं.

महाराष्ट्रातच याचं एक जुनं उदाहरण आहे, तेही ब्रिटिशांच्या काळातलं. कस्तुरबा गांधी २२ फेब्रुवारी १९४४ ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गेल्या. गांधीजी आणि त्या तिथे स्थानबद्ध होत्या. बाहेर अंत्ययात्रा निघाली तर लोक उसळतील ही सरकारला भीती. शेवटी मार्ग निघाला तो असा, की अंत्यसंस्कार पॅलेसच्या आवारातच होतील आणि नातेवाईक व निकटवर्तीयांना आत सोडलं जाईल. मुलगा देवदास यांनी आईला अग्नी दिला. परिस्थिती वेगळी होती, कैदेत गेलेली व्यक्तीच वारली होती, तुलना ओढूनताणून करायला नको. पण सुरक्षेची भीती आणि मुलाचा हक्क यांच्यात एका दिवसात तडजोड निघू शकते, एवढं त्यातून दिसतं. तेव्हा तर ई-मेलही नव्हता.

निर्दोष सुटल्यावर काय परत मिळतं?

प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांचं प्रकरण इथे टाळता येत नाही. २०१७ मध्ये गडचिरोलीच्या न्यायालयाने त्यांना माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपात जन्मठेप दिली. व्हीलचेअरवर असलेले साईबाबा नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात होते. हैदराबादमध्ये त्यांच्या आईला कर्करोग झाला होता. आईला भेटण्यासाठी मागितलेला पॅरोल मिळाला नाही. जुलै २०२० च्या अखेरीस नागपूर खंडपीठाने जामीनही नाकारला. त्यानंतर काही दिवसांतच, १ ऑगस्टला, आई गेल्या. अंत्यविधीनंतरच्या विधींसाठीही त्यांना जाता आलं नाही.

५ मार्च २०२४ ला त्याच नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष ठरवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये साईबाबांचंही निधन झालं.

पत्रकार सिद्दीक कप्पन यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पाच दिवस दिले, नव्वदीतल्या आजारी आईला केरळात जाऊन भेटायला. जूनमध्ये आई गेल्या, तेव्हा कप्पन मथुरेच्या तुरुंगात होते. पण निदान ती जिवंत असताना भेट झाली होती. कदाचित खरा प्रश्न इथेच आहे. आई-वडील अत्यवस्थ असताना केलेला अर्ज कोर्टाने 'बघू, अहवाल मागवू' म्हणून पुढे ढकलला, की तोच अर्ज आठ दिवसांनी श्राद्धाचा होतो. नताशा नरवाल यांच्या बाबतीत तर रविवार ते सोमवार एवढंच अंतर होतं.

घरातलं कुणी तुरुंगात असेल तर काय करता येतं?

हा भाग कोरडा आहे, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आई किंवा वडील गंभीर असतील तर मृत्यूची वाट न बघता आधीच अर्ज करा. रुग्णालयाच्या लेटरहेडवर डॉक्टरांचं स्पष्ट लिहिलेलं प्रमाणपत्र घ्या. मृत्यू झालाच, तर पालिकेच्या दाखल्यासाठी थांबू नका. डॉक्टरांनी दिलेला मृत्यूचा दाखला, तो नसेल तर सरपंच किंवा नगरसेवकाचं पत्र घेऊन निघा. पक्का कैदी असेल तर थेट तुरुंगाच्या अधीक्षकांकडे जा. कच्चा कैदी असेल तर ज्या कोर्टात खटला आहे तिथे जा. सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी एक न्यायाधीश ड्युटीवर असतात, त्यांच्यापुढे अर्ज ठेवता येतो का ते वकिलाला विचारायला लावा. आणि अर्जात दोन पर्याय मागा: तात्पुरता जामीन, आणि तो शक्य नसेल तर पोलीस बंदोबस्तात काही तासांची परवानगी. फक्त जामीन मागितला आणि तो फेटाळला गेला, तर दुसरा अर्ज करण्यात तो दिवस जातो.

वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० ही त्यांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तुरुंगात असलेली व्यक्ती, मग तिची आर्थिक स्थिती काहीही असो, या मदतीला पात्र असते.

अर्जात अंत्यसंस्काराची वेळ आणि ठिकाण लिहा. स्मशानभूमीचं नाव, तुरुंगापासूनचं अंतर, गाडीने लागणारा वेळ, सगळं. आणि मयत किती वाजेपर्यंत ठेवता येईल, तेही.